स्कॉटलंडमधल्या शेतकऱ्याची लग्ने: जुन्या पॅरिश वह्यांची पार्श्वभूमी

स्कॉटलंडमध्ये सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी १ जानेवारी १८५५ रोजी सुरू झाली. त्याआधीची लग्ने शोधताना भिस्त पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, वह्यांवर. सर्वांत जुनी वही पर्थशरमधल्या एरलची, १५५३ सालची. पण बहुतेक खेड्यांत सलग नोंदी त्यानंतर फार उशिरा सुरू होतात.

खरा घोळ लग्नाच्या तारखेचा आहे. वहीतली नोंद पुष्कळदा लग्नाची नसतेच. चर्चमध्ये आधी झालेल्या जाहीर घोषणेची असते. ही घोषणा ओळीने तीन रविवारी करायची, असा नियम होता. वर एका पॅरिशचा आणि वधू दुसऱ्या पॅरिशची असेल, तर घोषणा दोन्हीकडे होई आणि नोंदही दोन्ही वह्यांत पडे, अनेकदा वेगवेगळ्या तारखांनी. वंशावळीत या दोन नोंदींची सर्रास दोन लग्ने होतात. उलट, खरोखरचे दुसरे लग्न निसटते, कारण वर विधुर असल्याचे क्वचितच लिहिलेले असते. घोषणेची तारीख लग्नाची म्हणून छापणाऱ्या वंशावळींवर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यात १७८३ मध्ये प्रत्येक नोंदीवर ३ पेन्स कर बसला. तो १७९४ पर्यंत राहिला आणि त्या काळात अनेकांनी नोंदच केली नाही. त्या पिढीच्या नोंदींत खिंडार पडले, ते या करामुळे. शिवाय पाळकाविना, केवळ परस्परसंमतीने केलेले लग्नही स्कॉटिश कायद्याने वैध होते. चर्चचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांची सभा अशा जोडप्याला बोलावून समज देई, दंड करी. म्हणून लग्नाच्या वहीत न सापडलेले जोडपे सभेच्या इतिवृत्तात सापडू शकते.

शेतकरी बहुधा कूळ असे, जमिनीचा मालक नव्हे. वहीत त्याच्या नावापुढे शेताचे नाव येते. खंडाचा करार संपला की शेत बदले, कधी पॅरिशही. त्यामुळे शेजारच्या पॅरिशच्या वह्या पाहणे भागच आहे.

दुसऱ्या लग्नाचा सर्वांत चांगला माग बाप्तिस्म्यांच्या नोंदींत लागतो. स्कॉटिश कागदपत्रांत स्त्रीचे माहेरचे आडनाव टिकते. त्याच शेतावर, त्याच बापाच्या मुलांच्या नोंदींत काही वर्षांचा खंड पडून आईचे नाव बदलले, तर मधल्या काळात पहिली पत्नी वारली असावी. दफनाच्या नोंदी तुरळक आहेत, पण शवपेटीवर घालायच्या चादरीचे भाडे चर्चच्या हिशेबात सापडते.

१८५५ च्या विवाह नोंदीत आधीची लग्ने आणि त्यांपासूनची मुलेही विचारली होती. हे काम फार वाढते म्हणून पुढच्याच वर्षी रकाने कमी केले. वंश शोधणाऱ्यांचे त्यात मोठे नुकसान झाले. मृत्यूच्या नोंदीत मात्र आईचे माहेरचे नाव राहिले. १८५५ नंतर वारलेल्या प्रत्येक भावंडाची नोंद काढून आयांची नावे ताडून पाहावीत. माहिती जावयाने किंवा शेजाऱ्याने दिली असेल, तर सावत्र आईचेच नाव लिहिले गेल्याची शक्यता धरावी.