पापणी सुटली का?

रोज टेकडीवर फिरायला जाणाऱ्या माणसाच्या पापण्या पावसाळ्याच्या शेवटी सुजतात, मान खाजते, कोपराच्या घडीत पुरळ उठतं. घरचे म्हणतात, उष्णता झाली. मग सब्जा, गुलकंद, धने-जिऱ्याचं पाणी. खाज तशीच.

त्वचारोगतज्ज्ञ अशा वेळी लाली कुठे आहे हे बघतो, तसंच ती कुठे नाही हेही बघतो. उन्हामुळे उठलेलं पुरळ कपाळ, गाल, नाक यांवर येतं; वरच्या पापण्या, हनुवटीखालची सावलीची जागा आणि कानामागचा भाग बहुधा सुटतो. हवेतून येणाऱ्या कणांना ऊन-सावली सारखीच. ते पापण्यांवर, कानामागे, मानेच्या वळ्यांत जाऊन बसतात. (आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर लाली लाल दिसेलच असं नाही. ती जांभळट किंवा नुसती काळपटही दिसते.)

पुण्यात हवेतल्या या त्रासाचा जुना आरोपी म्हणजे गाजर गवत. कोणी काँग्रेस गवत म्हणतं, कोणी चटकचांदणी. मूळचं अमेरिका खंडातलं हे तण भारतात पसरताना पहिल्यांदा लक्षात आलं ते 1950च्या दशकात, पुण्यातच. आयात गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं मानतात. एका झाडाला हजारो बिया धरतात, त्यामुळे रिकामा प्लॉट, नदीकाठ, रस्त्याची कड, काहीच सुटत नाही. त्याच्या पानांवरच्या बारीक लवेत पार्थेनिन नावाचं रसायन असतं. वाळलेल्या झाडाचा चुरा वाऱ्यावर उडतो आणि हे रसायन कातडीपर्यंत पोचतं.

पण ‘वीस वर्षं याच टेकडीवर येतोय, तेव्हा काही झालं नाही’ हे कसं? पार्थेनिन कातडीतल्या प्रथिनांना चिकटतं आणि शरीराच्या संरक्षक पेशी ती जोडी परकी म्हणून लक्षात ठेवतात. ही ओळख व्हायला कधी कधी वर्षं जातात. एकदा झाली की पुढच्या संपर्कानंतर दोनेक दिवसांनी पुरळ उठतं. मधल्या काळात जे खाल्लं त्याच्यावर आळ येतो, बहुतेकदा बिचाऱ्या वांग्यावर. शेवंती आणि सूर्यफूल गाजर गवताच्याच कुळातली असल्यामुळे काहींना हार गुंफतानाही त्रास होतो.

अंगावर पित्त उठतं ते निराळंच. पित्ताशयाशी त्याचा काही संबंध नाही. कातडीतल्या पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात आणि गांधी उठतात. एकेक गांध सहसा 24 तासांच्या आत विरते, दुसरीकडे नवी येते. तिच्याबरोबर ओठ-जीभ सुजली किंवा श्वास अडला, तर आमसूल चोळत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

रात्री दिव्याखाली बसल्यावर सकाळी मानेवर चटक्यासारखा लांबट ओरखडा दिसला की आपण ‘किडा मुतला’ म्हणतो. बऱ्याचदा तो किडा आपणच झटकताना चिरडलेला असतो आणि त्याच्या अंगातल्या द्रवाने कातडी भाजलेली असते. टिकलीच्या गोंदाचा डाग तर टिकलीएवढाच, कधी चक्क पांढरा. दोन्ही गालांवर लाली, नाकाच्या कडेची घडी मात्र कोरी, आणि जोडीला सांधे दुखतात, ताप येतो, असं असेल तर ल्युपसची, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशी शरीरावरच उलटतात त्या आजाराची, तपासणी करावी लागते.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या ट्यूबचा. तिच्यात तीव्र स्टेरॉइड असेल तर लाली दोन दिवसांत मावळते. नायट्यावर लावली तर खाज थांबते, बुरशी मात्र पसरत राहते आणि नायट्याची ओळखीची गोल कड पुसली जाते. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावली तर कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि बंद केली की चेहरा पेटल्यासारखा होतो. म्हणून पुन्हा तीच ट्यूब.

मग दवाखान्यात प्रश्न येतो, आधी काय लावलं होतंत? नाव आठवत नाही. झाकण निळं होतं, एवढंच आठवतं.