तिकीट काढणं वेगळं, तिकिटावर शिक्का मारणं वेगळं: बर्लिनला जाणाऱ्यांसाठी

'तिकीट होतं, तरी दंड झाला' ही बर्लिनहून परतलेल्यांची ठरलेली तक्रार. पाठोपाठ तपासनिसांच्या नावाने खडे फोडले जातात. तिकीट खरंच असतं, पण कोरं, म्हणजे शिक्का न मारलेलं. तिथल्या नियमाने कोरं तिकीट म्हणजे विनातिकीट प्रवास, आणि त्याला ६० युरो दंड.

तिकीट काढणं कुणालाही जमतं. यंत्राचा पडदा इंग्रजीत करता येतो, कार्ड चालतं. यू-बान (तिथली मेट्रो) की एस-बान (आपल्या लोकलसारखी गाडी) यावर लोक उगाच डोकं खाजवत बसतात. त्या दोन्हींना, बसला आणि ट्रामलाही तेच तिकीट चालतं. झोन तेवढा बघा: शहरात फिरायला एबी, विमानतळासाठी एबीसी.

घोळ होतो तो पुढे. मुंबई लोकलचं तिकीट खिडकीतून बाहेर येतानाच तारीख-वेळ घेऊन येतं. मेट्रोत ते काम गेट करतं. बर्लिनच्या स्टेशनांवर गेटच नाहीत, आणि फलाटावरच्या यंत्रातून आलेलं साधं तिकीट आज काढून परवाही वापरता येतं. म्हणजे प्रवास नेमका कधी सुरू झाला, हे त्या कागदाला कळायला हवं. ते कळवण्याची जबाबदारी प्रवाशाची. एबीचं एकेरी तिकीट शिक्का बसल्यापासून दोन तास चालतं. गाड्या हव्या तितक्या बदला, पण त्याच तिकिटावर परत फिरायचं नाही. शिक्काच नसेल तर तेच तिकीट महिनाभर दाखवता येईल. म्हणून 'आत्ताच काढलंय हो' हे तपासनीस ऐकून घेत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. मुंबई लोकलची कूपनं आणि ती पंच करायची यंत्रं ज्यांना आठवतात, त्यांना हे लगेच कळेल.

शिक्का कुठे मारायचा, इथे दुसरी चूक होते. बस आणि ट्राममध्ये शिक्का मारायचा खोका गाडीच्या आत असतो. यू-बान आणि एस-बानला तो फलाटावर किंवा फलाटाच्या वाटेवर असतो, डब्यात नसतो. आधी ट्रामने फिरलेला माणूस मेट्रोत चढून डब्यात खोका शोधतो, तेवढ्यात दारं बंद होतात. तपासनीस बहुधा साध्या कपड्यांत असतात आणि दारं लागल्यावरच ओळखपत्र काढतात. म्हणून गाडी समोर उभी असली तरी आधी शिक्का, मग गाडी. एक गाडी चुकली तर चुकू द्या.

तिकिटावरचा बाण पाहून तेच टोक फटीत सरकवा, खट् आवाज येईपर्यंत दाबा, बाहेर काढून तारीख-वेळ उमटली का ते वाचा. हे वाचणं फार जण टाळतात, आणि उलटं घातलेलं किंवा अर्धवट सरकवलेलं तिकीट कोरंच राहतं. खोका बंद असेल तर फलाटाच्या दुसऱ्या टोकाचा बघा. चौघांची चार तिकिटं असतील तर चारही वेगवेगळी घालायची. घरातल्या एकाने मारला म्हणजे सगळ्यांचा झाला, असं नाही.

२४ तासांच्या तिकिटावर शिक्का एकदाच, पहिल्या प्रवासाला. दर गाडीला नव्याने मारत बसू नका, आधीची वेळ वाचता येईनाशी होते.

ट्राममधल्या यंत्रातून किंवा बसचालकाकडून घेतलेलं तिकीट वेळ छापूनच येतं. त्याला खोक्याची गरज नाही. ॲपमधल्या एकेरी तिकिटालाही नाही, फक्त ते गाडीत चढण्याआधी घ्यायचं. तपासनीस दिसल्यावर मोबाइल काढणाऱ्याच्या तिकिटावर खरेदीची वेळ छापलेली असते, आणि ती तपासनीस वाचतात.

विमानतळावर उतरल्यावर तिथल्या स्टेशनच्या यंत्रातून एबीसी काढा, फलाटावरच शिक्का मारा, आणि मग एस-९ किंवा एस-४५ पकडा.