दर आठ तासांनी एक गोळी

डॉक्टर दर आठ तासांनी गोळी घ्यायला सांगतात. आधीची पुरती उतरलेली नसतानाच दुसरी घेतली, तर औषध अंगात साठत जाणार नाही का? भीती रास्त आहे, आणि तिचं उत्तर कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या गणितात सापडतं.

समजा, गोळीत ४०० मिलिग्रॅम औषध आहे आणि आठ तासांत अंगातलं निम्मं बाहेर पडतं. (गोळी घेताक्षणी सगळं रक्तात मिसळतं असं धरू, खऱ्या गोळीला वेळ लागतो.) आधी ४००. मग उरलेले २०० अधिक नवे ४००, म्हणजे ६००. पुढे ७००, ७५०, ७७५. आकडा वाढतो खरा, पण प्रत्येक वाढ आधीच्या वाढीच्या निम्मी. तो ८०० च्या जवळ सरकत राहतो, तिथे पोचत मात्र नाही. पुस्तकात हीच भूमिती श्रेढी आधी सूत्र म्हणून येते आणि प्रश्न प्रकरणाच्या शेवटी. मला हा क्रम कायम उलटा वाटत आला आहे. इथे सीमा म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ८०० झेपतील का, हे रुग्णालाच जाणून घ्यायचं असतं.

७७५ गाठायला ३२ तास लागतात. तेवढा वेळ नसेल तर? पहिलीच मात्रा ८०० ची द्या: आठ तासांनी ४०० उरतात, त्यात ४०० मिळवले की पुन्हा ८००. डिगॉक्सिन हे हृदयविकारावरचं औषध निम्मं व्हायला साधारण दीड ते दोन दिवस घेतं, म्हणून गरज पडल्यास डॉक्टर त्याची सुरुवात अशीच मोठ्या मात्रेने करतात. (हा निर्णय त्यांचा, आपला नव्हे.)

पण 'निम्मं बाहेर पडतं' हे आलं कुठून? औषध जितकं जास्त, तितकं ते वेगाने बाहेर पडतं, या गृहीतकातून. ते विकलक समीकरणात (बदलाचा वेग सांगणाऱ्या समीकरणात) मांडलं की उत्तरात २.७१८ च्या आसपासची 'ई' ही संख्या येते. गणितज्ञ जेकब बर्नोली यांना ती १६८३ मध्ये चक्रवाढ व्याजाच्या प्रश्नात भेटली होती.

दारू हे गृहीतक पाळत नाही. यकृतातली एन्झाइम लवकरच पूर्ण क्षमतेने राबू लागतात. मग तासाला साधारण ठरावीकच दारू उतरते आणि आलेख सरळ रेषेत जातो. फिट्सवरच्या फेनिटॉइनचंही प्रमाण वाढलं की असंच काहीसं होतं, म्हणून त्याची मात्रा फार जपून वाढवतात. आपल्या गोळीतले आठ तासांत फक्त ३०० बाहेर पडू शकत असतील, तर? ४००, ५००, ६००, ७००, ८००, ९००... या श्रेढीला सीमाच नाही.