‘तारण’ या शब्दामागची कृपा

लालबाग-परळच्या रस्त्यांवर ‘सोने तारण कर्ज’ अशा पाट्या दिसतात. मोलाचं काही गहाण ठेवा, मग पैसे घ्या. रविवारी भायखळ्याच्या चर्चमध्ये मराठी उपासनेत हाच शब्द कानावर पडतो, तेव्हा अर्थ अगदी उलटा असतो. तिथे तारण म्हणजे पापातून सुटका, आणि तिच्यासाठी माणसाकडून काहीही ठेवून घेतलेलं नसतं.

ही शिकवण बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या पत्रांतली. रोमच्या ख्रिस्ती मंडळीला इ. स. ५७च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात, मराठी बायबलच्या शब्दांत, पापाचं मिळतं ते ‘वेतन’ आणि देवाकडून मिळतं ते ‘कृपादान’. वेतन कष्टाचं, ते हक्काने मागता येतं. दानावर हक्क कसला सांगणार? आपल्याकडे दान करणाऱ्याच्या पदरी पुण्य पडतं. इथे देणारा देव आहे आणि माणूस रिकाम्या हाताने समोर उभा आहे. भाषांतरकारांनी हे दोन शब्द शेजारी ठेवले, याबद्दल मला त्यांचे फार उपकार वाटतात.

वाद पाचव्या शतकात पेटला. माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने देवाच्या आज्ञा पाळू शकतो, असं पेलागियस नावाचा ख्रिस्ती संन्यासी सांगत होता. बिशप ऑगस्टीनचं म्हणणं, ती इच्छाच आजारी आहे. तिला उठवून बसवते तीही कृपाच. ४१८मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसची मतं नाकारली. पुढे ५२९मध्ये आजच्या फ्रान्समधल्या ऑरेंज गावच्या सभेने विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते, असं ठरवलं.

१५१७मध्ये मार्टिन ल्यूथरने पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या क्षमापत्रांच्या विक्रीला आव्हान दिलं, ती गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण कॅथलिक चर्च तारण कमवायला शिकवतं, हा आपल्यातल्या पुष्कळांचा समज मात्र चुकीचा आहे. त्या चर्चच्या ट्रेंट इथल्या सभेनेही १५४७मध्ये स्पष्ट म्हटलं की, देव माणसाला नीतिमान ठरवतो ते त्याच्या आधीच्या कोणत्याही कर्माच्या मोबदल्यात नव्हे. भांडण होतं ते पुढच्या वाटचालीबद्दल, आणि ते शतकानुशतकं चाललं. १९९९मध्ये लूथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी ऑग्सबर्गला, देव माणसाला नीतिमान ठरवतो या शिकवणीबद्दलच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या.

मुंबईत अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३मध्ये उतरले, तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत धाडायला निघालं होतं. मिशन तरीही टिकलं आणि १८२६मध्ये बायबलमधल्या नव्या कराराच्या त्यांच्या मराठी भाषांतराची छपाई इथेच पूर्ण झाली. ‘कृपा’ हा शब्द त्यांना नव्याने घडवावा लागला नाही. ज्ञानोबा-तुकोबांनी तो घराघरांत नेऊन ठेवला होता. १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक तर सांगत, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आपल्या बळावर काही होत नाही, ही कळवळ त्यांना अभंगांत आधीच भेटली होती.

तारण फुकट मिळतं, तर मग चांगलं वागायचं कशाला? हा प्रश्न पौलालाही चुकला नव्हता. इफिसच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात तो आधी सांगतो, हे दान आहे, कर्मांचं फळ नव्हे, म्हणून कोणी फुशारकी मारू नये. आणि लगेच पुढच्या वचनात म्हणतो, आपल्याला घडवलंय ते सत्कर्मं करण्यासाठीच.