एका कुळातली इतकी ‘लॉल’ औषधं का?

अंजायनासाठी (हृदयाला पुरेसा प्राणवायू न मिळाल्याने छातीत होणाऱ्या दुखण्यासाठी) मेटोप्रोलॉल चांगलं, अ‍ॅटेनोलॉल चांगलं की बिसोप्रोलॉल? नुसतं छातीतलं दुखणं कमी करण्यापुरतं पाहिलं, तर योग्य मात्रेत तिन्ही जवळपास सारखीच. तरीही एकामागून एक नवी बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयावरचा अ‍ॅड्रेनलिनचा परिणाम अडवणारी ही औषधं, येत राहिली, ती मुख्यतः आधीच्या औषधाचा दोष दूर करण्यासाठी.

1950 च्या दशकापर्यंत अंजायनाचा उपाय म्हणजे रक्तवाहिन्या रुंदावून हृदयाला जास्त प्राणवायू पोचवणं. स्कॉटिश औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी हिशेब उलटा मांडला. पुरवठा वाढत नसेल, तर हृदयाची मागणीच कमी करू. अ‍ॅड्रेनलिन या शरीरातल्या संप्रेरकामुळे ठोके वाढतात, आकुंचन जोरात होतं आणि प्राणवायू जास्त लागतो. तेव्हा त्यालाच अडवायचं. कुठे अडवायचं, हे अमेरिकेतल्या रेमंड अ‍ॅलक्विस्ट यांनी 1948 मध्येच सांगून ठेवलं होतं. अ‍ॅड्रेनलिनचे ग्राहक (पेशींवरच्या ज्या जागांना ते चिकटतं त्या) अल्फा आणि बीटा अशा दोन प्रकारचे असतात, असं मांडणारा त्यांचा निबंध आधी एका नियतकालिकाने नाकारला होता, आणि छापून आल्यावरही बरीच वर्षं त्याकडे कोणी फारसं पाहिलं नाही.

ब्लॅक 1958 मध्ये आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीत आले. त्यांचं पहिलं औषध प्रोनेथॅलॉल उंदरांमध्ये गाठी आढळल्याने मागे पडलं. मग आलं प्रोप्रॅनोलॉल. हे अंजायनावर लागू पडलं, पण ते हृदयातले बीटा-1 आणि श्वासनलिकांमधले बीटा-2 असे दोन्ही ग्राहक अडवतं. त्यामुळे दमेकऱ्याला ते देणं धोक्याचं. शिवाय चरबीत सहज विरघळत असल्याने ते मेंदूपर्यंत पोचतं. काहींना त्याने विचित्र स्वप्नं पडतात.

म्हणून 1970 मध्ये, मुख्यतः हृदयावरच काम करणारं प्रॅक्टोलॉल बाजारात आलं. या इतिहासातलं सगळ्यात वाईट प्रकरण हेच. डोळे कोरडे पडणं, त्वचेचे विकार, पोटाच्या आतल्या आवरणाला घट्टपणा येणं असे त्रास दिसू लागले, काहींची दृष्टीही गेली. प्राण्यांवरच्या चाचण्यांत यातलं काही कळलं नव्हतं. काही वर्षांतच त्याचा सर्वसाधारण वापर थांबला.

पण बीटा-1 निवडण्याची कल्पना टिकली. मेटोप्रोलॉल, 1976 चं अ‍ॅटेनोलॉल आणि पुढे बिसोप्रोलॉल याच वाटेने आली. अ‍ॅटेनोलॉल पाण्यात विरघळणारं, म्हणून मेंदूत कमी जातं. पण ते बाहेर पडतं मूत्रपिंडावाटे, त्यामुळे मूत्रपिंडं कमकुवत असतील तर मात्रा घटवावी लागते. मेटोप्रोलॉलचा निचरा यकृतात होतो. मात्र ‘निवडक’ म्हणजे पूर्ण निर्धोक नव्हे: मात्रा वाढली की निवड सैल पडते, आणि दम्याचा प्रश्न परत येतो. पिंडोलॉल हृदयाला अडवता अडवता थोडं चेतवतंही, म्हणून अंजायनात त्याला फारशी पसंती नाही.

एक दोष मात्र सगळ्या कुळात उतरला आहे. गोळी एकदम बंद केली, तर अंजायना उसळून येऊ शकतो. म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करतात.