अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध आणि १८१२ चे युद्ध : लोकस्मृतीतील स्थान

अमेरिकेने ब्रिटनशी पाठोपाठ केलेली दोन युद्धे. पहिले १७७५–८३, दुसरे १८१२–१५. पहिल्याची आठवण राष्ट्रीय सणात मिसळून गेली आहे. दुसऱ्यातले सर्वसामान्य अमेरिकनाला एक गाणे तेवढे ठाऊक असते.

पहिल्याचा निकाल स्वच्छ होता. यॉर्कटाउनला १७८१ मध्ये ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेने शस्त्रे ठेवली आणि १७८३ च्या पॅरिस तहाने स्वातंत्र्य मान्य झाले. (हाच कॉर्नवॉलिस पुढे मराठे व निजाम यांना सोबत घेऊन टिपूवर चालून गेला.) मात्र ४ जुलैचा उत्सव विजयाचा नसून १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा आहे.

दुसऱ्याचे सगळेच अडनिडे. अमेरिकन जहाजांवरच्या खलाशांना पकडून ब्रिटिश आरमारात जुंपणे आणि व्यापारावरचे निर्बंध, ही मुख्य कारणे. अमेरिकेने १८ जून १८१२ रोजी युद्ध पुकारले आणि पाचच दिवसांनी लंडनने ते निर्बंध उठवले. पण ही बातमी समुद्रापलीकडे पोहोचायला कित्येक आठवडे लागले. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंडमध्ये तर हे (अध्यक्ष) ‘मॅडिसनचे युद्ध’ म्हणून हेटाळले गेले. १८१४ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिशांनी वॉशिंग्टन जाळले. डिसेंबरात गेंटच्या तहाने सीमा होत्या तिथेच ठेवल्या. अमेरिकनांचा न्यू ऑर्लिन्सचा गाजलेला विजय तहावर सह्या झाल्यानंतरचा, ८ जानेवारी १८१५ चा. तरी युद्ध आपणच जिंकले ही समजूत त्यानेच रुजवली.

१३–१४ सप्टेंबर १८१४ च्या रात्री बॉल्टिमोरच्या मॅकहेन्री किल्ल्यावर ब्रिटिशांनी केलेला मारा पाहून फ्रान्सिस स्कॉट की या वकिलाने कवन रचले. ते १९३१ मध्ये राष्ट्रगीत ठरले. त्यात वर्णिलेले अग्निबाण ब्रिटिश संशोधक काँग्रीव्हचे, म्हणजे म्हैसूरच्या अग्निबाणांवरून विकसित केलेले. मुंबईच्या गोदीत बांधलेल्या ‘मिंडेन’ या ब्रिटिश युद्धनौकेवर हे गीत लिहिले गेले असे आपल्याकडे हौसेने सांगतात. ते खरे नाही. कवी अमेरिकन जहाजावर होता.

कॅनडात मात्र उलट चित्र दिसते. तिथे हे अमेरिकेची स्वारी परतवल्याचे युद्ध असून सेनापती आयझॅक ब्रॉक आणि हल्ल्याची आगाऊ खबर पोहोचवणारी लॉरा सेकॉर्ड ही त्याची लाडकी नावे आहेत.

मूलनिवासींची हार दोन्हींत झाली. १७८३ च्या तहात त्यांचा उल्लेखही नाही. दुसऱ्या युद्धात शॉनी जमातीचा नेता टेकुमसे १८१३ मध्ये लढताना पडला आणि त्याने बांधलेली जमातींची एकजूट विस्कटली. १८११ मध्ये असलेले त्यांचे हक्क परत देण्याचे गेंट तहातले नववे कलम कागदावरच राहिले.