क्लाउडवरील दस्तऐवज व्यवस्थापन, सार्वजनिक बांधकामांतील

रस्ते, पूल, धरणे, मेट्रो, शासकीय इमारती अशा सार्वजनिक पैशातून होणाऱ्या बांधकामांची कागदपत्रे कार्यालयांच्या कपाटांतून आणि सुट्या संगणकांतून काढून इंटरनेटवरून चालणाऱ्या सामाईक प्रणालीत ठेवण्याची व हाताळण्याची पद्धत. प्रशासकीय मान्यतेपासून दोषदायित्व कालावधी (काम पूर्ण झाल्यावर त्यातले दोष कंत्राटदाराने दुरुस्त करून द्यायचा काळ) संपेपर्यंतचा सगळा व्यवहार तिच्यात येतो : अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, नकाशे व त्यांच्या सुधारित आवृत्त्या, मोजमापे, चाचणी अहवाल, मुदतवाढीचे अर्ज, देयके. साठवण दूरच्या डेटा सेंटरमध्ये होते. अभियंता, सल्लागार, कंत्राटदार आणि लेखाधिकारी आपापल्या अधिकारानुसार एकच दस्तऐवज पाहतात.

बांधकाम खात्यात पूर्वापार सर्वांत जपली जाणारी वस्तू म्हणजे मोजमाप पुस्तिका, अभियंत्यांच्या बोलण्यातली ‘एमबी’. प्रत्येक पुस्तिकेची नोंदवहीत नोंद असते. पाने छापील क्रमांकांची असतात; त्यातले एकही फाडता येत नाही. खाडाखोड चालत नाही. चुकलेला आकडा खालचे वाचता येईल अशा रेघेने खोडायचा, बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. कनिष्ठ अभियंता जागेवर मोजमाप नोंदवतो, उपअभियंता ते तपासतो, काही हिश्श्याची फेरतपासणी कार्यकारी अभियंता करतो. देयक निघाले की त्या पानांवर तिरक्या रेघा मारतात, म्हणजे त्याच मातीकामाचे पैसे दुसऱ्यांदा निघत नाहीत. कोणी मोजले, कधी मोजले, किती भरले आणि कोणी मान्य केले, हे चारही प्रश्न एका पानावर सुटतात. क्लाउड प्रणालीला या शिस्तीच्या पुढे जायचे आहे. निदान तिच्या मागे तरी पडता कामा नये. म्हणून चांगल्या प्रणालीत नोंद पुसता येत नाही, फक्त तिच्यावर नवी आवृत्ती चढते, आणि प्रत्येक बदलामागे व्यक्ती, वेळ व कारण कायमचे नोंदले जाते. हे नसलेली प्रणाली म्हणजे नुसते कपाट.

कागदाची मोठी उणीव म्हणजे त्याची एकच प्रत एकाच जागी असणे. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावरून ती वरच्या मजल्यांवर पसरली. पाच जणांचा जीव गेला आणि अनेक विभागांची कागदपत्रे जळाली. या घटनेनंतर राज्यात कागदपत्रांच्या संगणकीकरणाला वेग आला. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्राने सार्वजनिक क्लाउड धोरण जाहीर केले. असे धोरण आणणारे ते देशातले पहिले राज्य ठरले. केंद्राचा शासकीय क्लाउडचा ‘मेघराज’ हा उपक्रम त्याआधीचा, २०१३ च्या धोरणातून आलेला. शासकीय माहिती ठेवण्यासाठी खाजगी क्लाउड कंपन्यांची केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडून सूचिबद्धता केली जाते. माहिती भारताच्या हद्दीतच राहिली पाहिजे ही तिची एक मुख्य अट.

या क्षेत्रातले देशातले सर्वांत ठळक उदाहरण भारतीय राष्ट्रीय राजमार्ग प्राधिकरणाचे आहे. प्राधिकरणाने जून २०२० मध्ये ‘डेटा लेक’ ही क्लाउडवरची प्रणाली सुरू केल्याचे जाहीर केले आणि प्रकल्पांची कागदपत्रे, करारविषयक निर्णय व मंजुऱ्या फक्त पोर्टलवरूनच होतील असे ठरवले. त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. महामार्गांच्या कामात लवादापुढे दाव्या-प्रतिदाव्यांचे ढीग साचले होते, आणि वाद बहुतेक एकाच साच्याचे होते : जागा मोकळी करून मिळायला उशीर झाला, वीज-पाण्याच्या वाहिन्या वेळेत हलल्या नाहीत, यंत्रे व मजूर बसून राहिले, निर्णय लांबला. अशा वादात निकाल तारखांवर लागतो. कंत्राटदाराचे पत्र कोणत्या दिवशी आले, ते कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून राहिले, हे सिद्ध करायला जुनी आवक-जावक नोंदवही अपुरी पडते. पोर्टलवर मात्र प्रत्येक टप्प्याला मुदत लावलेली असते आणि ती उलटली की सूचना जाते. २०२१ मध्ये दर महिन्याचे ड्रोन चित्रीकरणही सक्तीचे झाले. ते याच प्रणालीत कायम राहते, मागच्या महिन्याशी ताडून पाहता येते आणि पुढे लवादापुढे पुरावा म्हणून मांडता येते. दिरंगाई कोणाची हे खात्यालाही लपवता येऊ नये, हा या व्यवस्थेचा सर्वांत मोलाचा गुण मानला पाहिजे.

नागपूर मेट्रोने दुसरी वाट धरली. तिथे त्रिमितीय आराखड्याला वेळापत्रक आणि खर्च जोडून ‘पंचमितीय’ प्रतिकृती उभारली गेली आणि नकाशे व दस्तऐवज तिच्याशी बांधले गेले. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या आयएसओ १९६५० या मानकात अशा सामाईक माहितीसाठ्याचे नियम आहेत. त्यानुसार प्रत्येक दस्तऐवज काम चालू, देवाणघेवाणीसाठी खुला, प्रमाणित आणि अभिलेखात जमा अशा अवस्थांतून जातो. साइटवर जुन्या नकाशाप्रमाणे सळ्या बांधल्या जाण्याचा प्रकार बांधकामातल्या माणसांना चांगला ठाऊक आहे. तो थांबतो तो या अवस्थांमुळे, कारण गवंड्याच्या हातात फक्त प्रमाणित नकाशाच पडतो.

कायद्याची बाजू भक्कम आहे, पण बेफिकीर राहण्यासारखी नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला व डिजिटल स्वाक्षरीला मान्यता दिली. न्यायालयात मात्र अशा अभिलेखासोबत, तो कोणत्या यंत्रातून व कसा निघाला हे सांगणारे प्रमाणपत्र लागते. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये हे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे स्पष्ट केले. मूळ यंत्रच न्यायालयात आणले तर त्याची गरज नाही. पण जाळ्यात जोडलेली प्रणाली उचलून आणता येत नाही, तिथे प्रमाणपत्र हाच मार्ग. क्लाउडवरचा प्रत्येक अभिलेख या दुसऱ्या गटात मोडतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्रात हॅश मूल्यही (फायलीवरून गणिताने काढलेला, फाइल बदलली की बदलणारा ठसा) द्यावे लागते. बदली होणाऱ्या अधिकाऱ्यांच्या खात्यात हे प्रमाणपत्र कोण देणार, हे आधीच ठरवून ठेवावे लागते. आपली डिजिटल स्वाक्षरी दुसऱ्याच्या हाती सोपवण्याची सवय तर पुराव्याची सगळी साखळीच तोडते.

प्रत्यक्ष स्थलांतरात स्कॅनिंग हे सोपे काम. अवघड आहे ते आधीचे वर्गीकरण. महाराष्ट्रातील कार्यालयांत १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी रुजवलेली सहा गठ्ठे पद्धत (टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत वेगळे लावण्याची) आणि अभिलेखांचे अ, ब, क-१, क व ड असे वर्ग परिचयाचे आहेत. वर्ग ठरतो तो कागद किती काळ जपायचा यावरून : अ कायम, ब ३० वर्षे, क-१ १० वर्षे, क ५ वर्षे, ड १ वर्ष. जिथे हे गठ्ठे नीट आहेत, तिथे स्थलांतर सुरळीत होते. जिथे नाहीत, तिथे लाखो पानांच्या पीडीएफ फायली तयार होतात आणि हवा तो कागद कोणालाच सापडत नाही. काम, करार क्रमांक, साखळी अंतर (कामाच्या आरंभबिंदूपासूनचे अंतर), बाब आणि तारीख एवढी सूची प्रत्येक दस्तऐवजाला हवीच.

क्लाउड म्हणजे आपोआप सुरक्षित, ही समजूत घातक आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी कर्मचारी वापरत असलेला ‘जी-ड्राइव्ह’ हा साठा नष्ट झाला. सुमारे ८५८ टेराबाइट माहितीची बाहेर प्रतच नव्हती. वेगळ्या शहरात दुसरी प्रत आणि ती परत उभी करून पाहण्याची नियमित चाचणी या दोन गोष्टी करारात लिहाव्या लागतात. पुरवठादार बदलताना सर्व माहिती सूचीसह खुल्या स्वरूपात परत मिळण्याची अटही तिथेच घालावी लागते. दुर्गम भागातल्या साइटवर नेटवर्क नसते, म्हणून मोजमाप जागेवर नोंदवून नंतर जोडून घेण्याची सोय लागते. ती नसेल तर माणसे पुन्हा कच्च्या वहीकडे वळतात.

नागरिकांचा प्रवेश हा या व्यवस्थेचा सर्वांत मागे राहिलेला भाग. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार अभिलेख सूचीबद्ध करून शक्य तितके संगणकीकृत करणे हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. त्याच अधिनियमातील माहितीच्या अधिकारात कामाची पाहणी करणे, साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपात माहिती मिळवणे हे सारे येते. मोजमापे आणि चाचणी अहवाल आधीच क्लाउडवर असतील, तर ते गावकऱ्यांना अर्जाशिवाय वाचता यावेत यासाठी वाचनापुरता प्रवेश पुरेसा आहे, आणि तो प्रणालीच्या निविदेतच मागावा लागतो.